सोळा कोअरांचा अड्डा

कलकत्त्यात दोन गोष्टींवरचा सल्ला मागावा लागत नाही: पोटाचे विकार आणि हळू चालणारा कॉम्प्युटर. पहिल्यावर निदान औषधं तरी वेगवेगळी सुचवतात. दुसऱ्यावर सगळ्यांचं एकमत: रॅम वाढवा.

माझा धंदा स्ट्रक्चरल ड्रॉइंगचा. मोठी फाइल उघडायला लावली की मशीन असं ध्यानस्थ बसतं, की खाली जाऊन मातीच्या भांडातला चहा पिऊन, त्यावर राजकारण ऐकून परत यावं, तरी गोल चक्र फिरतच असतं. ऑफिसातल्या दादांनी रॅम सांगितली. हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात भेटलेल्या काकांनीही रॅमच सांगितली, वर "पुण्याला आमच्या भाच्याकडे 64 जीबी आहे हो," अशी माहिती पुरवली. भाचा बँकेत आहे.

साहेबांनी मग 16 कोअरचं नवं मशीन आणलं. हार घातला, पेढ्याऐवजी संदेश वाटला. फाइल उघडली. तेच चक्र! टास्क मॅनेजरमध्ये पाहिलं तर सीपीयूचा वापर 6 टक्के. म्हणजे एक कोअर घाम गाळतोय आणि उरलेले पंधरा अस्सल बंगाली अड्डा जमवून बसलेत.

यात त्या पंधरांचा दोष नाही. कॅडमधलं मॉडेलिंग एकामागून एक असंच चालतं. प्लेट झाल्याशिवाय तिला भोक नाही, भोक पडल्याशिवाय त्यात बोल्ट नाही. हे काम वाटून देता येत नाही. रेंडरिंगला बसलं की सगळे कोअर राबतात. पण रोजच्या रेघोट्यांना कोअर किती यापेक्षा एकेका कोअरचा वेग किती, हे महत्त्वाचं.

जुनं मशीन मी चांदनीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात नेलं. तिथल्या दादांनी रॅमचं नावही काढलं नाही. कॅबिनेट उघडलं, हीट सिंकच्या पात्यांमध्ये बसलेला धुळीचा नमदा चिमटीने सोलून काढला, वाळून खडूसारखी झालेली थर्मल पेस्ट खरवडली, नवी लावली, ब्लोअर मारला आणि म्हणाले, "मेशिन तो भालोई आछे, दादा." प्रोसेसर तापला की जीव वाचवायला स्वतःच वेग कमी करतो. इथल्या मे महिन्यात माणसंही तेच करतात, त्यांना कुणी रॅम सुचवत नाही.

मशीन सुधारलं, फाइल मात्र अडेलच राहिली. म्हणून फाइलच्या पोटात शिरलो. इमारत चार मजली. आर्किटेक्टने प्रत्येक बाथरूममध्ये कंपनीच्या वेबसाइटवरून उचललेला त्रिमितीय कमोड बसवलेला. झूम करत गेलो तर झाकणाची बिजागरी, बिजागरीचे स्क्रू आणि स्क्रूचे आटेसुद्धा! आम्हाला हवे होते फक्त कॉलम. कॅडच्या ओव्हरकिल कमांडने एकावर एक काढलेल्या रेघा उडवल्या, कमोड काढले, परज कमांडने मागे उरलेले ब्लॉक आणि लेअर हाकलले, ऑडिट कमांडने चुका दुरुस्त केल्या. फाइल चहा न पिता उघडली.

अशी चैन पूर्वी परवडत नव्हती. याच शहरात, बराहनगरच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत, 1956 साली देशातला पहिला डिजिटल कॉम्प्युटर सुरू झाला. एचईसी-2एम त्याचं नाव. स्मृती 1024 शब्दांची. आमचा एक कमोड त्यात मावला नसता. त्याच्याही आधी, 1943 मध्ये हावडा ब्रिज खुला झाला. सुमारे 26,500 टन पोलाद, नटबोल्ट नाहीत, सगळं रिव्हेटवर, आणि ड्रॉइंगं हाताने काढलेली. हातांनी काढताना एकेका रेघेला पेन्सिल, पाठ आणि डोळे झिजत, म्हणून नको ती रेघ कुणी काढत नसे. आता रेघ फुकट झाली, आणि तिचं बिल मशीनच्या नावावर फाटतं.

तेव्हा पैसे खर्च करण्याआधी ड्रॉइंग झाडा, मग मशीन झाडा, मग पॉवर प्लॅन बघा. नाहीतर विजेची बचत करण्याच्या नादात वेग बांधलेला असतो. हार्ड डिस्क असेल तर एसएसडी घ्या. त्यानंतर जास्त क्लॉक स्पीडचा प्रोसेसर, आणि सॉफ्टवेअर कंपनीच्या मान्य यादीतलं ग्राफिक्स कार्ड. रॅम खरोखर भरत असेल तरच रॅम. काका काहीही म्हणोत.

आणि आर्किटेक्ट मंडळींना हात जोडून विनंती: कमोड कुठे बसणार एवढंच कळवा. त्याचं अंतरंग तुमच्यापाशीच असू द्या.