काळ्या पाण्यावर निघण्यापूर्वी

चाकांवरचे घर भाड्याने घेऊन मे महिन्यात कोकणात उतरू इच्छिणाऱ्या कुटुंबप्रमुखांसाठी हे मार्गदर्शन आहे. लेखकाचा या विषयातला एकूण अनुभव चार रात्रींचा. मराठीत अधिकारवाणीने लिहायला तो पुरतो.

आधी परिभाषा. कॅम्परव्हॅनमध्ये पाण्याच्या तीन जाती असतात. टाकीत भरतो ते गोडे. भांडी, अंघोळ आणि तोंड धुणे यांतून उरते ते करडे. संडासातले ते काळे. गाडी ताब्यात देणारा तरुण म्हणाला, "काका, काळ्या पाण्याची जबाबदारी तुमची." माझ्या डोळ्यांपुढे अंदमान, कोलू आणि नारळाचा काथ्या उभा राहिला. चार रात्रींनंतर एवढेच सांगतो की काथ्या कुटणे परवडले असते.

आता गणित. गोड्या पाण्याची टाकी १०० लिटरची. आम्ही चार माणसे: मी, पत्नी, चिरंजीव आणि आई. जलजीवन मिशनचे माप ग्रामीण भागात माणशी दिवसाला ५५ लिटर. म्हणजे सरकारी हिशोबाने आम्हाला २२० लिटर हवेत आणि सकाळी भरलेली टाकी दुपारच्या जेवणाच्या आसपास खडखडायला हवी. प्रत्यक्षात ती दोन दिवस पुरते. याचे कारण आमची काटकसर नसून पंपाचा आवाज आहे. या गाडीत १२ व्होल्टचा पंप असतो आणि कुणी नळ सोडला की तो घर्र करतो. पुण्याच्या फ्लॅटमध्ये कोण किती पाणी सांडतो ते कुणाला कळत नाही. इथे रात्री दोन वाजता चूळ भरणारा माणूससुद्धा सगळ्या कुटुंबाला ठाऊक होतो. अंघोळीच्या वेळी पडद्याबाहेर आई आकडे मोजत बसायची. "बारा झाले," असे तिने म्हटले की पुढच्याला साबण तसाच अंगावर ठेवून बाहेर यावेसे वाटायचे. बारा काय, ते आम्हाला शेवटपर्यंत कळले नाही.

पाणी लिटरमागे एक किलो भरते. भरलेली टाकी म्हणजे गाडीत शंभर किलोचा एक पाहुणा, आणि अर्धी भरलेली म्हणजे प्रत्येक वळणावर कूस बदलणारा पाहुणा. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण ज्याने रचली त्याने फोंडा घाट अर्ध्या टाकीनिशी उतरून पाहिला असावा. राधानगरी मागे पडली की टाकी एक तर काठोकाठ भरलेली असावी किंवा रिकामी. आम्ही रिकामी ठेवली. कोकणात पाण्याला काय तोटा, असा विचार केला.

हा विचार ज्यांच्या मनात येईल त्यांनी पुढचा परिच्छेद दोनदा वाचावा. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पण खाली जांभा आहे, आणि जांभा म्हणजे भोकाभोकांचा दगड. पडलेले पाणी त्यातून झिरपते, उतार धरते आणि थोड्याच दिवसांत समुद्राला मिळते. सह्याद्रीपासून किनाऱ्यापर्यंत त्याला अडवायला फारसे कुणी नसते. त्यामुळे जुलैत ज्या अंगणात होडी चालेल तिथे मे महिन्यात बाई कळशी घेऊन थांबलेली असते, आणि नेमक्या त्याच महिन्यात हापूस खायला आपण टाक्या रिकाम्या करून पोचतो.

या बाबतीत कॅम्परव्हॅनच्या पुस्तिकेपेक्षा रामचंद्रपंत अमात्य अधिक उपयोगी आहेत. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या त्यांच्या आज्ञापत्रात किल्ल्याबद्दल स्पष्ट ताकीद आहे: आधी पाणी पाहा, मग बांधा, आणि एक झरा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. गाडीच्या भाषेत याचा अर्थ, वीस लिटरचे दोन कॅन वेगळे ठेवा. आमचा मुक्काम होता त्या कुणकेश्वरहून दीडेक तासावर मालवणला सिंधुदुर्ग किल्ला आहे. त्याचे बांधकाम १६६४ च्या नोव्हेंबरात सुरू झाले. चारी बाजूंनी खारे पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. तटात शौचकूपही आहेत. माझ्या मते भर समुद्रातली ही पहिली यशस्वी कॅम्परव्हॅन होय. फक्त ती हलत नाही, आणि त्यामुळेच तिची टाकी डुचमळत नाही.

मुक्कामाची जागा. कुणकेश्वरच्या वाळूवर गाडी नेऊ नये. ओहोटीला वाळू सिमेंटसारखी टणक वाटते आणि भरती आली की गाडी चाकापर्यंत देवाला वाहिली जाते. देवळाजवळचा वाहनतळ दर्शनाला येणाऱ्यांचा आहे, तो अडवू नये. महाशिवरात्रीला तर गावोगावच्या देवांच्या स्वाऱ्या इथे समुद्रस्नानाला येतात, तेव्हा आपल्या गाडीचा विचारही मनात आणू नये. आम्ही निवास-न्याहारी देणाऱ्या एका काकींच्या खळ्यात, त्यांना विचारून, गाडी लावली. काकींनी गाडीभोवती एक फेरी मारली, दार उघडून आत पाहिले आणि विचारले, "गाडयेत संडास? मगे झोपतास खय?" मी पलंग उघडून दाखवला. तो संडासापासून दीड हातावर होता. काकी बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

टाकी भरणे. पुस्तिकेत लिहिले आहे: पाइपचे तोंड नळाला जोडावे. पाइपचे तोंड जगातल्या कुठल्याही नळाला बसत नाही, पण तो प्रश्न उद्भवलाच नाही, कारण लाईट गेली होती आणि विहिरीवरचा पंप बंद होता. "येतली तेवा येतली," काकी म्हणाल्या. मग राट, पोहरा आणि कळशी. गाडीचे पाणी भरायचे भोक खांद्याच्या उंचीवर आणि आवळ्याएवढे. बाटली मधोमध कापून तिचे नरसाळे करावे, त्यावर धुतलेले फडके बांधावे आणि दहा लिटरच्या कळशीने दहा खेपा कराव्यात. सहाव्या खेपेला काकींनी थांबवले. "कितीव भरा, पण दोन खेपांनी भरा. एकदम उपसलास तर तळ दिसतलो."

हा नुसता काटकसरीचा सल्ला नाही, त्यामागे पदार्थविज्ञान आहे. समुद्राकाठी जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण खारे पाणी जड. एका डच आणि एका जर्मन माणसाने सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी याचे सूत्र मांडले: समुद्रपातळीच्या वर गोडे पाणी जेवढे उभे असेल, त्याच्या साधारण चाळीस पट ते खाली असते. हिशोब उलटाही चालतो. वरचे पाणी एक हात उतरवले की खालचे खारे पाणी चाळीस हात वर यायला मोकळे. म्हणून काठावरच्या विहिरी जपून उपसतात आणि हावरेपणाने मारलेली बोअर मचूळ होते. काकींना ते सूत्र ठाऊक नव्हते. त्या लग्न होऊन आल्यापासून विहिरीचे पाणी रोज चाखत आल्या आहेत.

या टप्प्यावर आईविषयी एक स्वतंत्र सूचना द्यावी लागते. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासला गेले, आणि पुण्याच्या नळांना पाणी येईना. तेव्हा आई शाळेत होती. पेठेतल्या वाड्याच्या आडावरून तिने घागरी वाहिल्या. त्या दिवसापासून ती जिथे जाईल तिथे हाताला लागेल ते भांडे भरून ठेवते. आणि अस्सल पुणेकर असल्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी ते पाणी शिळे झाले म्हणून ओतून टाकते. पहिल्या सकाळी तिने दोन पातेली, थर्मास आणि चिरंजीवांची पाण्याची बाटली असे सुमारे आठ लिटर दारातून बाहेर ओतले आणि मला म्हणाली, "टाकीतलंही बदलायला हवं, कालचं आहे." ज्यांच्या सोबत अशी आई असेल त्यांनी टाकीची किल्ली स्वतःच्या जानव्याला बांधावी. जानवे नसेल तर घालून घ्यावे.

टाकीत किती पाणी उरले ते चार दिवे सांगतात. काकींचे खळे समुद्राच्या बाजूला उतरते होते, त्यामुळे तोंड समुद्राकडे असताना टाकी भरलेली दिसे आणि गाडी वळवली की रिकामी. दिव्यांवर विश्वास ठेवू नये. टाकीवर बोटाने टिचकी मारावी, जशी फणसावर मारतो.

समुद्रात डुंबून आल्यावर प्रत्येकाला वाटते की आता नीट अंघोळ करावी. नीट अंघोळ म्हणजे वीस लिटर, वर अर्धा किलो वाळू मोरीच्या भोकात. वाळू बाहेर, बादलीत दोन तांबे पाणी घेऊन काढावी. पत्नीने एकदा समुद्राच्या पाण्यानेच भांडी घासून पाहिली. खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, आणि कढईतले बांगड्याचे तेल तिच्या कोपरापर्यंत चढले. तो प्रयोग विज्ञानाच्या हवाली करून आम्ही पुढे गेलो.

करड्या पाण्याबद्दल सर्वांचा गैरसमज असतो की ते निरुपद्रवी आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी, बंद टाकीत, उन्हात, हवेशिवाय, भाताची शिते आणि माशाचे सार यांचा मिलाफ झाला की करडे काळ्याला लाजवते. दोन उपाय. ताटे धुण्याआधी भाकरीच्या तुकड्याने निपटून घ्यावीत. मुलांना हे जन्मतः येते, आपण ते शिष्टाचाराच्या नावाखाली मोडून काढतो. दुसरा उपाय काकींनी सांगितला. मी पर्यावरणाची काळजी वाहत विचारले होते, हे पाणी टाकायचे कुठे? किनाऱ्यावर तर ते सोडता येत नाही, नियम आहेत. काकींना प्रश्नच कळेना. "माडाच्या मुळात वता. माड काय बोलाचो नाय."

कोकणातल्या घराची रचना मग मी नीट पाहिली. न्हाणीचे पाणी पन्हळीतून केळीला, मोरीचे अळवाला, आणि उरलेले माडाच्या आळ्यात. भांडी राखेने आणि नारळाच्या सोडणाच्या किशीने घासलेली, त्यामुळे झाडाला त्रास नाही. अमात्यांनीही गडावरचा केर तिथेच जाळून राख परसातल्या भाजीपाल्याला घालायला सांगितले आहे. ज्याला आमच्या पुस्तिकेत 'करड्या पाण्याचे व्यवस्थापन' असे सहा पानी प्रकरण आहे, त्याला इथे नावही नाही. नारळाच्या मोठ्या झाडाला उन्हाळ्यात दिवसाला ४० लिटरच्या आसपास पाणी लागते, म्हणजे सरकारी मापाने माड माणसापेक्षा पंधरा लिटरने काटकसरी. आम्ही साठ लिटरची टाकी भरली की दीड माडाला घालू लागलो. भांड्यांचा साबण मात्र पत्नीने बंद केला आणि काकींकडून राख आणली. चिरंजीवांचे म्हणणे पडले की सुट्टीला येऊन राखेने ताटे घासणे हा अन्याय आहे. ते नोंदवून ठेवले आहे.

उरले काळे. कॅसेट नावाची एक २० लिटरची पेटी गाडीच्या पोटातून बाहेर निघते. ती किती दिवस पुरेल याचा पुस्तिकेतला हिशोब कागद वापरणाऱ्यांचा आहे. आपल्याकडे प्रत्येक वेळी दोन लिटर पाणी धरावे. वीस भागिले दोन, दहा. चार माणसे. आई पहाटे एकदा आणि चहानंतर एकदा. शहाण्याने पुढचा भागाकार स्वतः करावा.

२०२१ साली राज्य सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणले आणि त्यात पाणी, वीज, स्वच्छतागृह असलेल्या कॅरॅव्हॅन पार्कची कल्पना मांडली. कल्पना उत्तम आहे. पण धोरणाला वाट पाहता येते, कॅसेटला येत नाही. शिवाय हा जिल्हा २०१६ साली ग्रामीण स्वच्छतेच्या केंद्रीय सर्वेक्षणात सपाट प्रदेशातला देशात पहिला आलेला. (सपाट! ते सर्वेक्षण करणारे माझ्या गाडीतून आले नसावेत.) अशा ठिकाणी रात्री कुंपणाकडेला पेटी रिकामी करण्याचा विचार ज्याच्या मनात येईल त्याने पुण्यालाच राहावे.

तेव्हा यजमानांना विचारावे, आणि थेट विचारावे. मी हवामान, आंब्याचा भाव आणि देवळाचा जीर्णोद्धार यांवरून वीस मिनिटे फिरून आलो. शेवटी आईने एका वाक्यात सांगितले. काकींकडे दोन खड्ड्यांचा संडास होता: एक भरला की दुसरा सुरू, आणि बंद ठेवलेल्याचे वर्षभरात सोनखत. त्यांनी एकच विचारले, "औषध घातलास काय त्यात?" गाडीबरोबर एक निळी बाटली मिळते. तिच्यातल्या द्रवाने वास मरतो आणि खड्ड्यातले जंतूही मरतात, आणि खत तर तेच करतात. आमच्या गाडीत ती बाटली आईने पहिल्याच दिवशी, डोके दुखते म्हणून, बंद करून ठेवली होती. त्यामुळे आमचे काळे पाणी शुद्ध होते, असे म्हणायला हरकत नाही.

पेटी नेताना दोघांनी दोन्हीकडून धरावी आणि वर स्वच्छ टॉवेल टाकावा. आम्ही तशी वाण नेल्यासारखी नेत असताना कुंपणापलीकडून एका गृहस्थाने आदराने विचारले, "मासे गावले काय?" उत्तर द्यायला थांबू नये. ओतताना हवेचे बटण दाबून धरावे. ते दाबले नाही तर पेटी गटगट करून उसळते आणि पुढची अंघोळ नीट, म्हणजे वीस लिटरची, करावी लागते.

निघायच्या दिवशी काकींनी दहा नारळ आणून पायरीवर ठेवले. मी म्हटले, आमच्या पाण्याचे फळ इतक्या लवकर? "झिला, हे तुमच्या पाण्यावरचे न्हय," त्या म्हणाल्या. "तुमच्या पाण्याचे पुढच्या वर्सा गावतले."

नारळ ठेवायला गाडीत एकच रिकामा, स्वच्छ धुतलेला, वीस लिटरचा कप्पा होता. आईने तो वापरू दिला नाही. नारळ पलंगावर ठेवून आम्ही घाट चढलो, आणि प्रत्येक वळणावर ते कूस बदलत होते.