दोन प्रवेश, एक निवड

अमेरिकेतील दोन विद्यापीठांत एमएसचा प्रवेश मिळालेला विद्यार्थी पुण्या-ठाण्याच्या सोसायट्यांत मार्च-एप्रिलमध्ये हमखास आढळतो. त्याला छळणारी तारीख १५ एप्रिल. ती तिथल्या पदव्युत्तर संस्थांच्या परिषदेच्या एका ठरावातून आली. ठराव मात्र आर्थिक साहाय्यासह मिळालेल्या प्रवेशांपुरताच आहे. पदरचे पैसे भरणाऱ्याला परिषद काही सांगत नाही. त्याला बँक सांगते.

निवड एक्सेलमध्ये होते. फी, घरभाडे, रँकिंग असे रकाने पाडून गुण दिले जातात. नको असलेले विद्यापीठ पुढे सरकू लागले, की ‘हवामान’ या रकान्याचे वजन १० वरून २५ टक्के होते. शिकवणार कोण, याला रकाना नसतो. चर्चा होते ती पदवीनंतरच्या कामाच्या परवान्याची: १२ महिने, आणि विषय विज्ञान-तंत्रज्ञानाच्या सरकारी यादीत असेल तर आणखी २४. न्यू जर्सीत मावशी असणे हा स्वतंत्र निकष असून तो बाकीचे सारे निकष रद्द करू शकतो.

धोरणी घरे दोन्हीकडे अनामत भरून ठेवतात. त्यातली एक बहुधा बुडते. बाबा तिला गुंतवणूक म्हणतात, आजी थेट बुडालेले पैसे म्हणते.

पुढे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत खिडकीपलीकडून प्रश्न येतो, हेच विद्यापीठ का? उत्तर ‘संशोधनाच्या संधी’ असे पाठ केलेले असते. मावशीचा उल्लेख करायचा नाही, हे एजंटाने आधीच बजावलेले असते.