रिकाम्या जागेचा भाव

दुकानात माल जितका कमी, तितका त्याचा भाव जास्त. अर्थशास्त्राच्या एखाद्या पुस्तकात हा नियम कोणी लिहून ठेवला असेलही. मी तो मुंबईच्या रस्त्यांवर चपला झिजवून मिळवला आहे. ज्या दुकानात अंग चोरून शिरावं लागतं, डोक्यावर लोंबणारे परकर हाताने बाजूला सारावे लागतात, तिथे दहा-वीस रुपयांवरून घासाघीस होते आणि वर एखादा रुमाल फुकट मिळतो. ज्या दुकानात मधोमध लगोरी खेळता येईल, तिथे किमतीची चिठ्ठी शोधण्यातच वेळ जातो. ती आतल्या शिवणीपाशी दडून बसलेली असते, आणि सापडली की दचकायची पाळी आपल्यावर येते.

आम्ही कशेळीचे. ठाण्याहून बाळकुम ओलांडून खाडीवरचा पूल संपला की जुन्या आग्रा रोडवर लागतं ते गाव. गाव म्हणायचं, कारण ग्रामपंचायत आहे. बाकी गोदामांच्या पत्र्यांमधून ते शोधून काढावं लागतं. मुंबईत जकात होती तेव्हा व्यापाऱ्यांनी साधा हिशेब केला. माल हद्दीबाहेर ठेवायचा, खपेल तेवढाच आत न्यायचा आणि जकातही तेवढ्याचीच भरायची. हद्दीबाहेर म्हणजे आमच्याकडे. कशेळी, काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे, जिथे भात लावला जायचा तिथे गोदामं उगवली. पुढे १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली. गोदामं कुठली जायला? उलट वाढली. लोक घरबसल्या मोबाइलवर मागवू लागले आणि मागवलेलं कुठून तरी निघावं लागतंच. शहराला उद्या जो साबण, जो टीव्ही, जे बूट हवेसे वाटणार आहेत, ते आज आमच्या शेजारी खोक्यात झोपलेले असतात. म्हणून काचेआड, दिव्याखाली, मखमलीवर ठेवलेली वस्तू पाहिली की लोकांच्या तोंडून ‘अय्या’ निघतं तसं आमच्या तोंडून निघत नाही. आम्ही तिला ट्रकमधून उतरताना पाहिलेलं असतं. एकावर एक बारा खोकी, वर ताडपत्री, आणि हमाल तिला काय काय बोलत असतो तेही कानांवर पडलेलं असतं.

तरी मुंबईला जायचं ते जायचंच. घरात लग्न निघालं की बस्ता बांधायचा असतो, आणि आमच्या आगरी घरांत हळदीचा थाट लग्नाहून मोठा, त्यामुळे याद्या लांबतच जातात. बस्ता भिवंडीत बांधता येतो, कल्याणात बांधता येतो, ठाण्याच्या जांभळी नाक्यावर तर काय मिळत नाही! पण मुंबईची पिशवी घरात आल्याशिवाय लग्न लागल्यासारखं वाटत नाही, असं माझ्या धाकट्या जावेचं मत आहे. सासूबाईंच्या खालोखाल घरात तिचंच मत चालतं.

तेव्हा आम्ही दोघी सीएसएमटीला उतरतो आणि क्रॉफर्ड मार्केटच्या दिशेने चालू लागतो. १८६९ ची ही मंडई. नाव आता महात्मा जोतिबा फुल्यांचं आहे, पण टॅक्सीवाल्याला क्रॉफर्डच सांगावं लागतं. दारावर दगडात कोरलेले शेतकरी आहेत. ते रुडयार्ड किपलिंगच्या वडिलांनी, लॉकवुड किपलिंगने घडवले. त्यांच्याकडे मान वर करून बघणारी बाई मला अजून दिसलेली नाही, कारण तेवढ्यात कोणी तरी तिच्या तळहातावर चवीला बदाम ठेवलेला असतो. माझी जाऊ तीन दुकानांतले बदाम चाखते, तिन्ही खवट ठरवते आणि पुढे निघते. नाश्त्याचा खर्च वाचला!

जरा पुढे मंगलदास मार्केट. एकाच छपराखाली कापडाच्या गल्ल्याच गल्ल्या, आणि गल्लीची रुंदी अशी, की समोरून जाडसर बाई आली तर दोघींपैकी एकीने दुकानात शिरून वाट द्यावी लागते. बाजार असा आखणाऱ्याला धंदा कळत होता. वाट द्यायला शिरलेली बाई दोन ब्लाउजपीस घेऊनच बाहेर पडते. दुकानं उंच ओट्यांवर, ओट्यावर पांढरी गादी, गादीवर मांडी घालून बसलेला माणूस आणि त्याच्या पाठीमागे थेट छतापर्यंत तागे. ‘बोला बेन’ म्हणेपर्यंत त्याने एक तागा फेकलेला असतो. तो हवेत उलगडतो आणि नेमका आपल्या पुढ्यात येऊन संपतो. आपण ‘नको’ म्हणतो, तो दुसरा फेकतो. नकाराचा ढीग कमरेइतका झाला की आपल्यालाच अपराधी वाटायला लागतं. विक्रीची इतकी जुनी आणि इतकी हमखास युक्ती दुसरी नसेल.

माझ्या जावेवर ती चालत नाही. तिच्या माहेरी, भिवंडीत, लूम होते. खटखटीच्या आवाजात ती मोठी झाली, म्हणून आजही घरात कुजबुजली तरी चार घरांना ऐकू जातं. ती कापड डोळ्यांनी बघतच नाही. अंगठा आणि दोन बोटं यांत धरून चुरगाळते, कानाशी नेते आणि निकाल देते, “आमच्याकडचंय.” गादीवरचा माणूस शपथेवर सांगतो, सुरतेचं आहे. दोघंही खरं बोलत असतात. भिवंडीत विणलेलं कोरं कापड रंगायला, छापायला गुजरात-राजस्थानात जातं, फिरून मुंबईला येतं आणि ओळख न दाखवता इथे ताग्यात बसतं. आता याचं माहेर कुठलं म्हणायचं? बाईच्या जातीला हा प्रश्न नवा नाही.

मुंबईत कापड विणलं जायचं तेव्हाची गोष्ट वेगळी होती. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या पुढारपणाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यातले कितीतरी परत आत गेलेच नाहीत. गिरण्या थंडावल्या तसं विणायचं बरंचसं काम भिवंडीच्या मागांकडे सरकलं. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात आज मॉल आहे. गिरणीची चिमणी शोभेसाठी राखली आहे आणि तिच्या पायाशी कपडेच विकतात. जिथे कापड निघायचं तिथे आता ते फक्त टांगलेलं असतं. तिथे गेले की मी चिमणीकडे बघते आणि जाऊ टांगलेल्या शर्टाचा कोपरा चुरगाळते. दोघींना जे दिसतं त्याबद्दल आम्ही बोलत नाही. शिवाय तिथला एसी चांगला आहे.

मंगलदासहून परत फिरून डी. एन. रोड धरला की कमानी लागतात. हा रस्ता म्हणजे पूर्वीचा हॉर्नबी रोड. १८९६ च्या नियमांनी इथल्या इमारतींना तळमजल्यावर सलग कमानी ठेवायला लावल्या. हेतू हा, की पायी चालणाऱ्याला ऊन-पाऊस लागू नये आणि त्याने दुकानं बघत बघत सावकाश जावं. सावकाश चालण्याची ही हौस साहेबाकडून आलेली. लंडनला १८१९ साली बर्लिंग्टन आर्केड उघडलं तेव्हा तिथे गणवेशातले राखणदार नेमले, आणि आत शिटी वाजवायला, घाई करायला मनाई होती. पॅरिसवाले त्याच्या पुढचे. १८४० च्या सुमारास तिथल्या काचेच्या छपराखालच्या बाजारगल्ल्यांत म्हणे शौकीन लोक कासव घेऊन फिरायला जात आणि चालण्याचा वेग कासवावर सोपवत. वॉल्टर बेन्यामिन नावाच्या जर्मन लेखकाने हे नोंदवून ठेवलं आहे. डी. एन. रोडच्या कमानींखाली कासव न्यायची सोय नाही, कारण पाऊल ठेवायलाच जागा नाही. मोबाइलची कव्हरं, चार्जर, पाकिटं, बॅटऱ्या, स्क्रूड्रायव्हरचे संच यांनी कमानी भरल्या आहेत. सावलीत माल बसतो आणि ज्याच्यासाठी कमानी बांधल्या तो पायी माणूस उन्हात, बसच्या कडेने चालतो. तो तक्रार करत नाही, कारण चार्जर त्यालाच हवा असतो.

याच रस्त्यावर व्हाइटअवे लेडलॉ या गोऱ्या साहेबांच्या मोठ्या दुकानाची इमारत आहे. स्वातंत्र्यानंतर तिथे खादीचं भांडार आलं. विलायती टोप्या ज्या काचांमागे मांडल्या जायच्या, त्याच काचांमागे खादीचे सदरे लागले. बाजाराइतका निर्लेप संन्यासी दुसरा शोधून सापडणार नाही.

आणि मग काळा घोडा. इथपासून माझा नियम खरा लागू होतो. सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा १९६५ मध्ये इथून हलवून भायखळ्याला राणीच्या बागेत ठेवला. नाव मात्र मागे राहिलं. २०१७ मध्ये नवा काळा घोडा बसवला, त्याच्यावर स्वार नाही. रिकाम्या जागेची किंमत या भागाला इतकी पक्की कळली आहे की त्यांनी घोड्याची पाठसुद्धा मोकळी ठेवली!

तिथल्या एका बुटिकमध्ये आम्ही शिरलो. दार जड होतं. मला वाटतं, दारच गिऱ्हाईक निवडतं. आत पांढऱ्या भिंती, एका कोपऱ्यात पितळी हंडा, हंड्यात पाणी नव्हे तर वाळक्या काटक्या, गवती चहाचा वास, आणि एका लांब दांडीवर हातभर अंतर राखून टांगलेले मोजके कुर्ते. एकही दुसऱ्याला चिकटलेला नाही. चाळीच्या खोलीत वाढलेल्या माणसाला एवढी मोकळीक एका कुर्त्याला मिळते हे बघून थोडं मनाला लागतं. एका मुलीने हळू आवाजात पाणी विचारलं. मंगलदासमध्ये खरेदी झाल्यावर कटिंग चहा येतो, इथे खरेदीच्या आधी तांब्याच्या पेल्यात पाणी येतं. चिठ्ठी वाचल्यावर ते लागतं म्हणून असेल.

जावेने सवयीने कापड चुरगाळलं. सूत कुठे जाड, कुठे बारीक. गळ्याशी एक छोटं कार्ड होतं. विणीत असमानपणा दिसला तर तो दोष नव्हे, हातमागाची खूण आहे, असं त्यावर लिहिलेलं. तिने ते दोनदा वाचलं आणि आपल्या समजुतीने कुजबुजली, “आमच्या कारीगरांचे अशा ताग्याला पैसे कापायचे, ताई.” सगळ्या दुकानाने ऐकलं.

हातमागावर बसणाऱ्याला चार पैसे जास्त मिळत असतील तर मिळोत, कार्डाशी माझं भांडण नाही. पण यंत्रमागाच्या कारीगरालाही कोणी तरी असं एक कार्ड छापून द्यायला हवं होतं: बारा तास उभं राहून विणलं आहे, चुकलं तर ती माणसाची खूण आहे.

एवढं बोलून एक कबूल करते, त्या दुकानात मला बरं वाटलं. कोणी ओढत नव्हतं, कोणाचा कोपर लागत नव्हता. मी नकळत पदर सारखा केला, पाठ ताठ केली. भोवती जागा असली की कुर्त्याचा भाव वाढतो तसा माणसाचाही थोडा वाढत असावा. १८ एप्रिल २०२३ ला बीकेसीत ॲपलचं दुकान उघडलं तेव्हा लोकांनी रांगा लावल्या होत्या. आत लाकडी टेबलं, त्यांवर लांब लांब ठेवलेले फोन आणि बाकी सगळा मोकळेपणा. तोच फोन नाक्यावरच्या दुकानातही मिळतो, तिथे मात्र तो छत्री आणि रिचार्जच्या मधोमध असतो. जिथे घरात पाहुणा आला की कोणाला तरी गॅलरीत झोपावं लागतं, त्या शहरात सगळ्यात महाग विकण्यासारखं आहे तरी काय? मोकळी जागा. ती घरी नेता येत नाही म्हणून तिच्यासोबत कुर्ता देतात.

या सगळ्याची उलटी बाजू बघायची असेल तर रविवारी आमच्या कशेळीला यावं. आमचा रस्ता फर्निचरचा. दुतर्फा गोदामाएवढाली दुकानं, आणि आत सोफ्याला सोफा, पलंगाला पलंग लावून ठेवलेला. रिक्लायनर, देव्हारे, डायनिंग टेबलं, हायड्रॉलिक बेड. कपाटाच्या आरशात दुसरं कपाट दिसतं, त्याच्या आरशात तिसरं. सवलतीचा फलक उतरवलेला मी कधी पाहिला नाही. मुंबई-ठाण्याची, डोंबिवलीची कुटुंबं येतात. येताना मेट्रो-५ च्या खांबांच्या कडेने रांगतात. तिचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं आणि आराखड्यात कशेळीचं स्थानकही आहे. पॅरिसचं ते कासव इथे आणलं असतं तर मालकालाच ओढत पुढे गेलं असतं.

मात्र एकदा आत आली की ही माणसं खुलतात. प्रत्येक सोफ्यावर बसून बघतात. आजोबा रिक्लायनर मागे टाकून खरंच झोपी जातात. पोरं गादीवर उड्या मारतात आणि दुकानदार ‘स्प्रिंग बघा, स्प्रिंग’ म्हणत त्यांचाच नमुना करतो. हात लावू नका म्हणणारं इथे कोणी नाही. खुर्चीचं लाकूड सागवान की निव्वळ प्लाय हे सासरे बोटाच्या पेराने ठोकून ठरवतात. आणि शेवटी सगळ्यांची गाडी एका जागी अडते. बाई पर्समधून टेप काढते.

परवा असंच एक जोडपं होतं. एल आकाराचा, करड्या रंगाचा सोफा त्यांच्या मनात भरला होता. भाव झाला, थोडा कमी झाला, आणखी थोडा झाला. मग तिने मापं घेतली, मोबाइलमधल्या घराच्या मापांशी ताडून बघितली आणि नवऱ्याला म्हणाली, “बसेल. पण मग टीपॉय काढावा लागेल.”

“टीपॉय काढू.”

“आणि तुझं टेबल.”

तो गप्प झाला. दुकानदाराला अशा शांततेची सवय असावी, त्याने लगेच विचारलं, “लिफ्ट केवढी आहे, साहेब?”

“लिफ्टमध्ये नाही जाणार.”

“हरकत नाही, आपली पोरं जिन्याने चढवतात. फक्त मजल्यामागे मजुरी वेगळी. कितवा मजला?”

“चौदावा.”

दुकानदाराने कॅल्क्युलेटर जवळ ओढला आणि त्या दोघांना, आधी बसून घ्या, म्हणाला.