शेपटाची तार

आमच्या पुतण्यानं दोन लाखांच्या वर मोजून एक ग्राफिक्स कार्ड आणलं. तेवढ्या पैशांत चांगली मुऱ्हा म्हैस आली असती आणि तिनं निदान दूध दिलं असतं. "हे काय करतं?" असं थोरल्या भावानं विचारलं, तर पोरानं बारामतीच्या दिशेनं बोट दाखवलं. तिथल्या कृषी विज्ञान केंद्रात एआयवर ऊस पिकवतात, मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्डची माणसं त्यात आहेत, खुद्द सत्या नाडेलांनी २०२५ साली त्याचं कौतुक केलंय. मग आपणच मागं का? इंदापूर तालुक्यात 'बारामतीला आलंय' एवढं म्हटलं की माणूस सातबारा काढून द्यायला तयार होतो. भावानं पैसे दिलेही.

त्या उसाचं गणित दूर कुठल्यातरी सर्व्हरवर होतं, शेतात हवामान केंद्र आणि मातीतले सेन्सर असतात, शेतकऱ्याला मोबाइलवर फक्त निरोप येतो आणि घरात कार्ड लागतच नाही, हे मला पुढं कळलं. तोवर आमच्या कार्डावर कुणीतरी कुणाला तरी गोळ्या घालत होतं.

पण माझी तक्रार कार्डाबद्दल नाही, केबलबद्दल आहे. लग्नात मांडवाला लाख घालायचे आणि जनरेटरला डिझेल मोजून द्यायचं, ही आपली जुनी रीत. पोरानं तेच केलं. कार्डाला वीज देणारा एसएमपीएस जुनाच ठेवला आणि त्याची केबल ऑनलाइन मागवली, भलत्याच कंपनीची. का? तर तिचा रंग कॅबिनेटच्या दिव्यांना जुळत होता. एसएमपीएसच्या बाजूला कुठली पिन कुठं, याचा सगळ्या कंपन्यांना मिळून एक नियम नाही. तोंड बसलं म्हणजे सोयरीक जमली असं होत नाही. तिथं भलतीच केबल खोचली तर बारा व्होल्ट नको त्या घरात शिरतात. नशीब, हिचं जमलं.

आता हिशेब ऐका. हे आरटीएक्स ५०९० कार्ड ५७५ वॅट खातं. त्याचं सोळा पिनांचं तोंड ६०० वॅटपर्यंत चालतं असं कंपनी सांगते. बारा व्होल्टनं भागा, ५० अँपिअर आले. सोळांतल्या चार पिना बारीक, नुसत्या खबर द्यायच्या. उरल्या बारा, म्हणजे सहा जायच्या, सहा यायच्या. वाट्याला पिनेमागं आठ अँपिअरच्या वर. आमची पाच एचपीची मोटर एका फेजला जवळपास तेवढेच ओढते, आणि तिला आम्ही बोटाएवढी केबल घालतो. इथं दोन पिनांमधलं अंतर तीन मिलिमीटर. पिनेची मर्यादा साडेनऊ अँपिअर. एवढ्या काठावर आमची डीपी चालते, आणि ती दर उन्हाळ्यात जळते.

जुनी आठ पिनांची तोंडं १५० वॅटचीच, पण हाडापेराची. तशी चार लावायची म्हणजे दिसायला वाईट, म्हणून हे एकच नाजूक तोंड निघालं. ऑक्टोबर २०२२ मध्ये आधीच्या पिढीची ४०९० कार्डं बाजारात आली आणि महिना उलटायच्या आत तोंडं वितळल्याचे फोटो फिरू लागले. कार्ड काढणाऱ्या एनव्हिडियानं तपास केला आणि बहुतेक ठिकाणी प्लग पुरता बसवलेला नव्हता असं सांगितलं. हे वाचून मला एकदम घरचं वाटलं. मोटर जळाली की आम्हालाही हेच ऐकायला मिळतं: चूक तुमचीच. पुढं तोंड सुधारलं, खबरी पिना आखूड केल्या. प्लग बराच बाहेर राहिला तर खबर पोचत नाही आणि कार्ड वीज ओढत नाही. आमच्या स्टार्टरमधला प्रिव्हेंटर हेच काम करतो. मधल्या काळात एका कंपनीनं केबल वाकू नये म्हणून काटकोनी अडॅप्टर काढले, ते २०२४ मध्ये अमेरिकेत पंचवीस हजारांच्या वर परत मागवावे लागले.

खरी गंमत मात्र फेब्रुवारी २०२५ मधली. डेरबाउअर नावानं ओळखल्या जाणाऱ्या एका जर्मन गड्यानं ५०९० च्या एकेका तारेला मीटर लावला. एका तारेतून वीस अँपिअरच्या वर, दुसरीतून दोनेक! कारण साधं आहे. सहाही तारा कार्डावर पोचल्या की एकाच हौदात पडतात, आणि जिचा सांधा घट्ट ती ओढून घेते. आधीच्या ३०९० टीआयमध्ये दोन-दोन तारांवर वेगळी नजर होती. पुढं ती काढून टाकली. म्हणजे कार्डावर पाटकरीच नाही. नीरा डाव्या कालव्याखाली जमीन असलेल्या माणसाला हे जर्मनीहून कळायची गरज नव्हती. तोंडाशी मोऱ्या फुटतात, शेपटाला आवर्तन कागदावर येतं. एकूण पाणी मात्र बरोबर सुटलेलं असतं, रजिस्टर बघा.

मी घाबरून वायरमनला बोलावलं. तो वस्तीवर आला, तंबाखू थुंकला आणि टाँग टेस्टर काढून केबलला लावला. काटा शून्यावर.

"करंटच न्हाय की ह्यात."

"आबा, डीसी आहे हो," पुतण्या हसला. "तुमचा मीटर एसीचा."

आबानं मीटर खिशात घातला, चष्मा कपाळावर सरकवला आणि प्लगच्या फटीत करंगळीचं नख घातलं. नख आत गेलं.

"नख जातंय रं बाळा. बंद कर आन् आधी दाब."

मशीन बंद झालं. प्लग दाबल्यावर टक असा आवाज आला. काच लागू नये म्हणून केबल तोंडापाशीच मुरडली होती, तीही आबानं सरळ केली. काचेचं झाकण आता बसत नाही. ते गोठ्यात ठेवलंय, वासराला ऊन लागू नये म्हणून.

मग पोराला पुन्हा खेळ लावायला सांगितलं. दहा मिनिटांनी आबानं डोळे मिटून एकेक तार चिमटीत धरून पाहिली, वैद्य नाडी बघतो तशी.

"ही कोमट. हीबी. ही दोन नंबरची जरा जास्तच तापतीया, केबल बदला. आन् ही कडंची..." तो थांबला. "ही गारच हाय."

भाऊ इतका वेळ उंबऱ्यात बसून होता.

"ती आपली," तो म्हणाला.