इच्छुकांसाठी सूचना : ‘दे माइट बी जायंट्स’ ऐकण्याची शास्त्रोक्त पद्धत

रॉक संगीताचा चाहता होण्यासाठी समाजाने काही अटी घालून ठेवल्या आहेत. केस वाढवावेत, काळा टी-शर्ट घालावा, शेजाऱ्यांशी संबंध बिघडवावेत. येथे ज्या प्रकाराविषयी मार्गदर्शन करायचे आहे, त्यात यांपैकी काहीही लागत नाही. चष्मा असल्यास उत्तम. नसल्यास पुढेमागे लागेलच. पात्रतेची परीक्षा एकच. वाढदिवसाच्या घरी कुणी कोळ्याला कीटक म्हटले, तर तोंडात केक असतानाही ‘आठ पाय असतात त्याला’ असे आपल्याकडून बोलले जाते का? जात असेल, आणि पुढच्या वर्षी त्या घरचे आमंत्रण येत नसेल, तर इच्छुकाने पुढे वाचावे.

प्रथम मंडळींची ओळख. हा बँड म्हणजे मुळात दोन माणसे, आणि दोघांचेही नाव जॉन. मॅसॅच्युसेट्समधल्या लिंकन गावचे हे मित्र १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एकाच इमारतीत राहायला आले आणि गाणी करू लागले. चष्मा आणि गिटार दिसली की तो जॉन फ्लान्सबर्ग. अकॉर्डियन घेऊन किंचित नाकात गातो तो जॉन लिनेल. ड्रम वाजवायला माणूस नव्हता. पहिली अनेक वर्षे ते काम यंत्राने आणि टेपने भागवले. अकॉर्डियन म्हटले की आपल्याला ‘संगम’मधला राज कपूर दिसू लागतो. त्याला तूर्त आदराने बाजूला बसवावे. बँडचे नाव १९७१च्या एका चित्रपटावरून घेतलेले आहे. त्यात जॉर्ज सी. स्कॉट स्वतःला शेरलॉक होम्स समजतो. चित्रपटाने ते नाव घेतले डॉन किहोतेच्या पवनचक्क्यांवरून, ज्या राक्षस नसतील, पण कुणी सांगावे, असतीलही. नातेवाइकांनी अर्थ विचारल्यास ‘इंग्रजी आहे’ एवढेच सांगून विषय बदलावा.

आता उपासनेचा इतिहास. सुरुवातीच्या दिवसांत लिनेलचे मनगट मोडले आणि फ्लान्सबर्गच्या घरी चोरी झाली. कार्यक्रम करता येईनात. तेव्हा यांनी फोनच्या आन्सरिंग मशीनवर गाणे भरून ठेवले आणि ‘व्हिलेज व्हॉइस’ या साप्ताहिकात नंबर छापला. फोन लावा, गाणे ऐका. दर नेहमीच्या कॉलचाच. ऑफिसातून लावल्यास फुकट, हेही जाहिरातीत प्रामाणिकपणे सांगितलेले असे. मशीन एक, लाइन एक, त्यामुळे एका वेळी श्रोताही एकच. या मैफलीत कुणी खोकत नसे आणि कुणी उशिरा येऊन पाय तुडवत नसे. आपल्याकडे त्या काळी फोनसाठी नंबर लावून माणसे वर्षानुवर्षे बसत. मिळालेला फोन गाणे ऐकण्यात घालवला असता, तर वडिलांनी काय केले असते याची कल्पना करून इच्छुकाने या परंपरेपुढे नम्र व्हावे.

प्रत्यक्ष श्रवणाला १९९०च्या ‘फ्लड’ या अल्बमपासून सुरुवात करावी. त्यातले ‘बर्डहाउस इन युअर सोल’ हे गाणे ब्रिटनमध्ये सहाव्या क्रमांकापर्यंत गेले होते, म्हणजे लाजण्याचे कारण नाही. पहिल्यांदा ऐकताना फक्त पाय हलवावा. दुसऱ्यांदा ऐकताना एक शंका येईल, की हे बोलतेय कोण? प्रेमगीत तर वाटते. पण बोलणारा फार भक्तिभावाने बोलतो आहे, आणि मध्येच त्याला दीपगृह आठवते, ग्रीक पुराणातले जेसनचे खलाशीही आठवतात. तिसऱ्या वेळी उलगडा होतो. बोलणारा म्हणजे रात्री भिंतीच्या प्लगमध्ये जळणारा झिरोचा दिवा आहे, निळ्या कॅनरी पक्ष्याच्या आकाराचा. दीपगृह हे त्याच्या कुळातले थोर पुरुष. या क्षणी इच्छुकाने गाणे बंद करून घरच्यांना बोलावू नये. हा अनुभव सांगून पोहोचत नाही. घरचे दिव्याकडे पाहत नाहीत, आपल्याकडे पाहतात.

याच अल्बममध्ये ‘डेड’ नावाचे गाणे आहे. त्यातला माणूस मेल्यावर किराणामालाच्या पिशवीच्या रूपाने परत येतो. चौऱ्याऐंशी लक्ष योनींत ही सोय नाही, हे मान्य. पण पियानोवर दोघे जण इतक्या गोड सुरात गातात की आपण हसत राहतो, आणि हसता हसता लक्षात येते की गाणे आयुष्यात राहून गेलेल्या गोष्टींचे आहे. ‘अ‍ॅना एन्ग’ हे गाणे पृथ्वीच्या बरोबर दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या, कधीच न भेटलेल्या बाईवरच्या प्रेमाचे. तिचे आडनाव लिनेलला टेलिफोन डिरेक्टरीत सापडले होते. एवढे दुःख कोणी गंभीर चेहऱ्याने गायले असते, तर आपण सावध झालो असतो. हे लोक आधी हसवून आपला पहारा काढून घेतात. म्हणून यांना विनोदी बँड म्हणणाऱ्याशी वाद घालू नये. त्याने अजून तिसऱ्यांदा ऐकलेले नसते.

आता मुख्य विधी. हा नीट लक्ष देऊन करावा.

१९५९ साली अमेरिकेत मुलांसाठी अवकाशविषयक गाण्यांची एक तबकडी निघाली. तिच्यात सूर्य का तळपतो यावर एक गाणे होते. शब्द हाय झारेटचे. ‘अनचेन्ड मेलडी’सारखे विरहगीत लिहिणाऱ्या या गृहस्थाने इथे हेलियम आणि हायड्रोजन यमकात बसवले. गाण्याचा सिद्धांत असा की सूर्य म्हणजे तापून प्रकाशणाऱ्या वायूचा गोळा. दोन्ही जॉननी १९९३मध्ये ते पुन्हा गायले आणि चाहत्यांना तोंडपाठ झाले. परंतु सूर्य वायूचा नाही. तिथे उष्णता इतकी, की अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे होतात. पृष्ठभागावर सुमारे साडेपाच हजार अंश सेल्सिअस, गाभ्यात सुमारे दीड कोटी. या अवस्थेला प्लाझ्मा म्हणतात. आता, सिनेमाच्या गाण्यांत चंद्र वाटेल त्या तिथीला वाटेल तिथे उगवतो आणि त्याबद्दल आजवर कुणी माफी मागितलेली नाही. या दोघांनी मात्र २००९मध्ये ‘हिअर कम्स सायन्स’ हा मुलांसाठीचा अल्बम काढला, त्यात ते जुने गाणे ठेवले आणि त्याच्या पाठोपाठ दुसरे गाणे जोडले: आधीचा सिद्धांत कालबाह्य झाला असून सूर्य प्लाझ्माचा आहे. शुद्धिपत्र, आणि तेही चालीत! मराठी पुस्तकांच्या शेवटी चिकटवलेली शुद्धिपत्रे वाचत वाढलेल्या माणसाच्या डोळ्यांत इथे पाणी आले पाहिजे. न आल्यास दोन्ही गाणी पुन्हा एकापाठोपाठ लावावीत.

इतिहासाच्या पेपरासाठी ‘जेम्स के. पोक’ हे गाणे पुरेसे आहे. अमेरिकेचे अकरावे अध्यक्ष, कारकीर्द १८४५ ते १८४९. पुन्हा उभा राहणार नाही असे म्हणाले आणि खरोखरच राहिले नाहीत. हे ऐकून आपल्याकडच्या मतदाराला गाणे काल्पनिक वाटते. तसे ते नाही.

यंत्रांच्या बाबतीत या बँडचे अनुकरण करू नये, खर्चिक आहे. १९९६च्या अल्बमसाठी त्यांनी न्यू जर्सीतल्या एडिसनच्या प्रयोगशाळेत जाऊन मेणाच्या नळकांड्यावर, विजेशिवाय, एक गाणे मुद्रित केले. आणि तीनच वर्षांनी एक अख्खा अल्बम फक्त एमपीथ्रीच्या रूपात विकायला काढला, जेव्हा एमपीथ्री म्हणजे काय हे दुकानदारालाही माहीत नव्हते. १९९२च्या ‘अपोलो १८’मध्ये तर एकवीस तुकडे आहेत, काही जेमतेम पाच-दहा सेकंदांचे, सीडी प्लेअरने क्रम विस्कटून ते इतर गाण्यांच्या मध्येमध्ये पेरावेत अशी योजना. पाहुणे आलेले असताना हा प्रयोग करू नये. ते प्लेअर दुरुस्त करायला उठतात.

नातलग बँड पुष्कळ आहेत, पण सगळ्यांशी सलोखा ठेवायलाच हवा असे नाही. ‘डीव्हो’ हे डोक्यावर लाल पायऱ्यांची टोपी घालणारे ओहायोचे काका. ‘वीझर’ चांगले, पण ते स्वतःच्या चष्म्यावर जरा जास्तच खूश असतात. जोनाथन कोल्टन मात्र अवश्य ऐकावा: सॉफ्टवेअरची नोकरी सोडून वर्षभर आठवड्याला एक गाणे करणारा हा माणूस. त्याचा ‘कोड मंकी’ रिसेप्शनिस्टवर मनातल्या मनात प्रेम करतो आणि त्याच्या कोडमध्ये मॅनेजर खोट काढतो. हिंजवडीत याला भाष्याची गरज नाही.

ज्यांना उघडपणे ऐकण्याचे धैर्य होत नाही, त्यांनी एखादे मूल पदरी असल्यास त्याचा आडोसा घ्यावा. या बँडला मुलांच्या अल्बमसाठी ग्रॅमी मिळालेले आहे. तेव्हा गाडीत ‘पोरीसाठी लावलंय’ म्हटले की कुणी हरकत घेत नाही. पोरगी शाळेत उतरल्यावर गाणे चालू ठेवण्याचे समर्थन मात्र ज्याचे त्याने शोधावे.

शेवटी प्रचाराविषयी. तो शक्यतो करू नये. केलाच, तर सासऱ्यांपासून सुरुवात करावी आणि त्यांना ‘इस्तंबूल’ ऐकवावे. ठेका जुन्या वळणाचा असल्याने त्यांची मान हलेल. ते गाणे मूळचे १९५३चे, ‘फोर लॅड्स’चे आहे हे अजिबात सांगू नये. सांगितल्यास ते मूळ गाणे शोधून काढतील आणि ‘मुळातलंच बरं’ असा निकाल देतील. तरीही बोलणे निघाले आणि ‘कॉन्स्टँटिनोपलचं इस्तंबूल १४५३लाच झालं’ असे ते म्हणाले, तर इच्छुकाने हातातली वाटी खाली ठेवावी. ‘बाबा, १४५३ला ऑटोमनांनी शहर जिंकलं. बाहेरच्यांनी पत्रावर इस्तंबूलच लिहावं, असं तुर्कस्तानच्या टपालखात्यानं बजावलं ते १९३०मध्ये.’ सासूबाई डोळ्यांनी खुणावतील. आमटी गार होईल. १९३० सोडू नये.