बाबागाडीची घडी

बाबागाडीत बसणारा एक, ढकलणारा दुसरा, पैसे भरणारा तिसरा आणि पसंत करणारा भलताच चौथा असतो. बसणाऱ्याचं मत कुणी घेत नाही. ते तो पुढे सवडीने, भोकाड पसरून देतो. आमच्या घरी पसंतीचा मान मुलाचा आणि सुनेचा. पैसे माझ्या बहिणीचे, कारण नातीला, म्हणजे चिमीला, आत्याआजीकडून काहीतरी भारी गेलं पाहिजे असा तिचा हट्ट. ढकलायचं काम माझं. "बाबा, नाहीतरी तुम्ही रोज सकाळी फिरायला जाताच की," एवढ्या एका वाक्यावर माझी नेमणूक झाली. अर्ज नाही, मुलाखत नाही, आणि रजेचे नियम विचारायची तर माझी टापच नव्हती.

मुलाला जी गाडी हवी होती ती त्याने मोबाईलवर दाखवली. मोठाली चाकं, मुठीला कातडी वेष्टण, आणि रंग राखाडी. पण साधा राखाडी नव्हे, त्या राखाडीला चार शब्दांचं नाव होतं. "बाबा, चारी चाकांना सस्पेन्शन आहे," तो म्हणाला. जिल्हा परिषदेत नोकरी काढलेल्या माणसापुढे हा शब्द असा अचानक उच्चारू नये. सुनेने निवडलेली गाडी म्हणजे बारकी चाकं, बारीक दांडे, मधे कापडाची झोळी. बंद केली की काखोटीला मारून चालू लागा. "हिला तर काहीच नाही!" मुलगा म्हणाला. "म्हणूनच ती हलकी आहे," सून म्हणाली. "आपण दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही. तुझं ते सस्पेन्शन वर कोण आणणार?" मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी पेपर उघडला.

सौ.चं मत वेगळंच होतं. "दोन्ही नकोत. कडेवर घ्या. ह्याला मी मंडईतून घरापर्यंत कडेवर आणलाय, दुसऱ्या हातात भाजी." हे सांगताना तिचा एक हात कमरेच्या पट्ट्यावर होता, म्हणून कुणी पुढे काही बोललं नाही.

डौल की सोय, हे भांडण आमच्या घरातलं असलं तरी जुनं आहे आणि त्याची सुरुवात डौलापासून होते. १७३३ साली इंग्लंडात डेव्हनशायरच्या तिसऱ्या ड्यूकने आपल्या मुलांसाठी विल्यम केंटकडून एक छोटी गाडी करून घेतली. केंट म्हणजे उमरावांचे वाडे आणि बागा उभारणारा नामवंत वास्तुकार. त्याने शिंपल्याच्या आकाराची गाडी केली आणि ती ओढायला बकरी किंवा छोटं तट्टू जुंपायची सोय ठेवली. जिने, लिफ्ट, रिक्षा यांचा विचार त्यात असण्याचं कारण नव्हतं. एकोणिसाव्या शतकात ओढायच्या गाडीची ढकलायची गाडी झाली. १८७७ साली विल्यम विल्सनने लीड्समध्ये सिल्व्हर क्रॉस ही कंपनी काढली आणि तिच्या उंच चाकांच्या, कमानदार स्प्रिंगांच्या, आरशासारख्या लखलखणाऱ्या गाड्यांतून पुढे इंग्लंडच्या राजघराण्यातली बाळंही हिंडली. असे जुने फोटो पाहताना आपण गाडी आणि बाळ पाहतो. मागे उभ्या माणसाकडे पाहावं. तिथे आई नसते, गणवेशातली दाई असते. गाडी पायऱ्यांवरून उतरवायला आणखी कुणी असणार, धुवायला आणखी कुणी. डौलदार बाबागाडी हाताखाली माणसं आहेत असं धरून चालते.

माणसं गेली आणि जिने राहिले, तेव्हा सोयीची गाडी आली. ती एका आजोबाने केली, हे सांगताना मला अंमळ बरं वाटतं. ओवेन मॅक्लॅरन हे विमानांचे इंजिनिअर. दुसऱ्या महायुद्धात गाजलेल्या स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या यंत्रणेवर त्यांनी काम केलेलं. विमान उडालं की ती चाकं दुमडून आत जातात. मुलगी मॉस्कोहून बाळाला घेऊन माहेरी आली ती अवजड बाबागाडीशी झटापट करतच, आणि मॅक्लॅरन कामाला लागले. ॲल्युमिनियमच्या नळ्या, वर पट्ट्यापट्ट्यांचं कापड, छत्रीसारखी मिटणारी गाडी, वजन पावणेतीन किलोच्या आसपास. १९६५ साली त्यांनी पेटंट घेतलं आणि १९६७ पासून गाडी विकायला लागले. लेकीचे हाल बघून कुठलाही बाप गप्प बसत नाही; आपल्याकडचे बाप रिक्षा बोलावतात, ह्याने पेटंट घेतलं.

डौल काही एवढ्यावर हार मानणारा नव्हता. नेदरलँड्समधल्या एका तरुणाने पदवीचा प्रकल्प म्हणून आखलेली बगाबू १९९९ साली बाजारात आली, 'सेक्स अँड द सिटी' या अमेरिकन मालिकेत दिसली, आणि एरवी मोटारींबद्दल बोलणारे बाप बाबागाडीच्या चाकांबद्दल बोलू लागले. माझ्या मुलाचं सस्पेन्शन असं दूरवरून आलेलं आहे.

ह्या सगळ्या मंडळींनी गाड्या केल्या त्या आपापल्या फुटपाथसाठी. आमच्या कोथरूडच्या गल्लीतल्या फुटपाथवर चढायलाच आधी पुढची चाकं उचलावी लागतात. वर गेलं की पेव्हर ब्लॉक. त्यातला तिसरा-चौथा हललेला, आणि छोट्या गाडीचं पुढचं चाक बरोबर त्याच फटीत जाऊन आडवं होतं. पुढे विजेची डीपी, तिच्या शेजारी तिला रेलून उभी स्कूटर. मग बंगल्याचं फाटक येतं. तिथे फुटपाथ खाली उतरतो आणि पलीकडे पुन्हा चढतो. दुचाक्यांनी फुटपाथवर येऊ नये म्हणून महापालिकेने लोखंडी खांब रोवलेत. त्यांच्या मधून दुचाकी आरामात जाते, बाबागाडी जात नाही. शेवटी आम्ही रस्त्याच्या कडेने जातो, जसे सगळेच जातात. जंगली महाराज रस्त्यावरचा नवा रुंद फुटपाथ ह्याला अपवाद आहे. तिथे बाबागाडी खरोखर चालते, आणि ढकलणाऱ्याला आपण परदेशात असल्याचा भास होतो. पण कोथरूडहून तिथे जायचं तर रिक्षा करायची, म्हणजे गाडीची घडी घालायची.

गोम इथेच आहे. आमच्याकडे बाबागाडी चालते कमी आणि उचलली जाते जास्त. जिना उतरताना उचलायची, फुटपाथवर चढवताना उचलायची, रिक्षाच्या सीटमागे कोंबायची, दवाखान्याच्या तीन पायऱ्या चढवायच्या, परत आल्यावर दोन मजले. म्हणजे आपण जी वस्तू विकत घेतो ती गाडी कमी आणि ओझं जास्त. त्या ओझ्याला मधूनमधून चाकं लागतात, इतकंच. आमच्या जिन्याखाली एक डौलदार बाबागाडी उभी आहे, खालच्या बिऱ्हाडाची. काळी, सोनेरी रिव्हेटची, प्लास्टिकच्या आच्छादनाखाली. तिचं बाळ आता शाळेत जातं आणि गाडीत रद्दी असते. रद्दीला सस्पेन्शन चांगलं मिळतंय.

दुकानात मात्र हे काहीच कळत नाही. लक्ष्मी रोडच्या आसपासच्या एका दुकानात आम्ही गेलो. जमीन गुळगुळीत फरशीची, वर एसी. तिथे कुठलीही गाडी करंगळीने ढकलली तरी पुढे जाते. मुलाने त्याची राखाडी गाडी दोन फेऱ्या मारून आणली आणि त्याच्या चेहऱ्यावर पहिली मोटार घेतली तेव्हाचा भाव होता. मग विक्रेता म्हणाला, "सर, वन हँड फोल्ड आहे." त्याने एका हाताने मुठीवरचं बटण दाबलं. दुसऱ्या हाताने सीट पुढे पाडली. पायाने मागचा दांडा दाबला. गाडी अर्धी मिटून थबकली. त्याने तिला गुडघ्याने एक धक्का दिला आणि ती मिटली. "बघा, एका हाताने," तो म्हणाला. सुनेने शांतपणे चिमीला उचलून त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, "आता परत करून दाखवा." इतका उत्तम प्रश्न त्या दुकानात पूर्वी कुणी विचारला नसावा. चिमी त्याच्या खिशातलं पेन ओढत होती, तो बटण शोधत होता, आणि मुलगा छतावरचा पंखा निरखत होता.

सुनेच्या गाडीलाही एक अडचण निघाली. तान्ह्या बाळाला सपाट झोपता यायला हवं. नुसत्या झोळीच्या हलक्या गाड्या मूल नीट बसायला लागल्यावरच्या, म्हणजे साधारण सहा महिन्यांनंतरच्या. चिमीने तो टप्पा ओलांडला होता म्हणून सुटलो.

आणि डौलाच्या बाजूनेही चार शब्द बोलायला हवेत, कारण त्या बाजूने एरवी फक्त जाहिराती बोलतात. छोट्या गाडीतलं मूल जमिनीलगत बसतं. आमच्या रस्त्यावर तेवढ्या उंचीवर काय असतं? रिक्षाचा आणि बुलेटचा सायलेन्सर. उंच गाडीतलं मूल धुरापासून निदान हातभर वर असतं. शिवाय त्या गाडीची सीट उलटी फिरवता येते, म्हणजे मूल ढकलणाऱ्याकडे तोंड करून बसतं. ही युक्तीही जुनीच. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या विल्यम रिचर्डसनने १८८९ सालीच तसं पेटंट घेतलं होतं. जग बघण्यापेक्षा ओळखीचं तोंड बघायला मिळालं तर मूल जास्त वेळ गप्प बसतं, असा माझा अनुभव आहे, मग ते तोंड माझं का असेना. आणखी एक. सहा महिने चार भिंतींत, दोन गाउनांत काढलेल्या आईला बाहेर पडताना हातात काहीतरी देखणं असावं असं वाटलं, तर त्याला मी नखरा म्हणणार नाही. आमच्या पिढीने बायकांच्या अशा पुष्कळ गोष्टींना नखरा म्हणून पैसे वाचवले.

तरीही मी मत घडीलाच दिलं. न मिटणाऱ्या बाबागाडीने काय होऊ शकतं हे इंग्लंडने पाहिलं आहे. २०१२ साली डग पॉली नावाचे व्हीलचेअरवरचे प्रवासी वेदरबीहून लीड्सला जायला बसमध्ये चढत होते. व्हीलचेअरच्या जागेत एक बाबागाडी होती, आत बाळ झोपलेलं. ड्रायव्हरने आईला गाडी मिटायची विनंती केली. ती म्हणाली, ही मिटत नाही. पॉलींना ती बस सोडावी लागली. प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि जानेवारी २०१७ मध्ये निकाल लागला: ड्रायव्हरने नुसती विनंती करून थांबू नये, त्यापुढेही प्रयत्न करावा. झोपलेलं बाळ उठवणं म्हणजे काय, हे त्या आईला ठाऊक होतं. बस चुकणं म्हणजे काय, हे पॉलींना. दोघांच्या मधे उभी होती एक न मिटणारी गाडी. सिल्व्हर क्रॉसचा जन्मही लीड्सचाच, हा आपला योगायोग.

हलकी गाडी फार गुणाची असते असं मात्र कुणी समजू नये. भाजीवाल्यापाशी आमच्या सोसायटीतल्या एका आजींनी दोन्ही मुठींना पिशव्या अडकवल्या. एकीत बटाटे, एकीत टोमॅटो आणि वर कोथिंबीर. नातू आत बसला होता तोवर सगळं ठीक होतं. भाजीवाल्याने कौतुकाने गाजर पुढे केलं, ते घ्यायला आजींनी नातवाला उचललं, आणि पुढचं वजन गेल्याबरोबर गाडी मागच्या मागे कलंडली. चाकं वर, टोमॅटो रस्त्यावर, आणि नातू कडेवरून टाळ्या वाजवतोय. जड गाडी सहसा अशी दगा देत नाही. गाडी कुठलीही असो, पिशवी खालच्या जाळीत ठेवावी. वर मुठीला रुमालसुद्धा अडकवू नये, असं त्या आजी आता सगळ्यांना सांगतात.

आम्ही शेवटी तिसरीच घेतली. तीन घड्या होऊन बॅगेएवढी होणारी, सीट जरा उंच, चाकं ना मोठी ना बारकी. आत्याआजीला ती फार भारी वाटली नाही, पण किंमत ऐकल्यावर तिचं समाधान झालं. रंग मुलाने निवडला. तोच राखाडी.

तुमच्या घरी ही खरेदी व्हायची असेल तर माझं एवढं ऐका. दुकानात गाडी चालवून पाहू नका, तिथे सगळ्याच चालतात. मूल एका कडेवर घ्या, खांद्याला लंगोट-दुपट्यांची पिशवी लावा, आणि उरलेल्या हाताने गाडी मिटून दुकानाच्या पायरीवरून खाली उतरवा. हे जमलं तर रंगाकडे बघा. नाही जमलं तर विक्रेत्याला नमस्कार करून शेजारच्या दुकानात जा. आणि जाताना ढकलणाऱ्या आजोबांना बरोबर न्या. उचलायची तेव्हा तेच उचलणार आहेत.