सत्काराची वर्गणी

"कळलं का गं? आपलं मंडळ यंदा गणपतीत सत्कार ठेवणाराय. गल्लीतल्या छोट्या व्यावसायिकांचे."

काकूंना काही खास सांगायचं असलं की आवाज खाली येतो आणि भुवया वर जातात. आमच्या दोन घरांमधल्या बुटक्या भिंतीवर त्यांनी कोपर टेकलं की समजायचं, आतलं दूध आता उतू गेलं तरी चालेल.

"चांगलं आहे की मग," मी दोरीवरचे कपडे काढत म्हटलं.

"चांगलं आहेच. पण पुढं ऐक. त्या सत्काराची वर्गणी कुणाकडनं काढलीय माहितेय? त्याच दुकानदारांकडनं!"

"म्हणजे वाण्याचा सत्कार वाण्याच्याच पैशानं?"

"तर काय! पोरं पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरलीत. 'काका, यंदा जरा हात सैल सोडा, तुमचाच सत्कार आहे.' आणि शाली कुठनं आणल्यात ते विचार."

"कुठनं?"

"मोबाईलवरनं मागवल्यात. काल अध्यक्षांच्या दारात खोकं उतरलं, मी गच्चीतनं बघितलं की. कोपऱ्यावर कापडाचं दुकान आहे, त्याच्याकडनं वर्गणी घेतली, आणि त्या पैशांची शाल आली कुठल्या गावाहनं कोण जाणे."

मी हसले, पण काकू गंभीर होत्या. "हसतेस काय? यादी तर ऐक. पहिलं नाव बायपासकडच्या त्या मोठ्या शोरूमवाल्याचं. कमानीचा निम्मा खर्च त्यानं उचललाय."

मिरजेच्या बाहेरच्यांना कमान म्हणजे काय ते सांगायला हवं. विसर्जन मिरवणुकीच्या वाटेवर आमच्याकडं मोठमोठ्या स्वागतकमानी उभ्या राहतात. कुणाची कमान किती उंच, यावर वर्षभर पुरेल इतकी चर्चा होते. तेव्हा कमानीचा खर्च उचलणारा माणूस यादीत खाली राहणं शक्यच नव्हतं.

"पण काकू, तो छोटा व्यावसायिक कसा?"

"उंचीनं असेल!"

"आणि गिरणीवाल्या ताई?"

"वर्गणी घेतली. यादीत नाव नाही."

"कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशी?"

"त्यांचं म्हणे दुकानच नाही, मग व्यावसायिक कसल्या! मी म्हटलं त्या पोराला, अरे, कोविडात सरकारनं हातगाडीवाल्यांसाठी कर्जाची योजना काढली, आधी 10,000, ते फेडलं की 20,000, मग 50,000. मावशींनी तिन्ही कर्जं घेतली, दोन फेडली, तिसरं फिटत आलंय. बँकेला त्या व्यावसायिक दिसतात, तुला दिसत नाहीत होय? 2014 साली पथविक्रेत्यांचा कायदा झालाय. गावात त्यांना कुठं बसू द्यायचं हे ठरवणाऱ्या समितीत शंभरातली चाळीस माणसं त्यांच्यातलीच घ्यायला लागतात. आणि गल्लीच्या मंडळात मावशींना खुर्ची नाही."

काकूंचे यजमान नगरपालिकेत होते. त्यामुळं कायदे त्यांच्या तोंडी आमटीच्या प्रमाणासारखे असतात.

"आणि आपले चाचा?" मी विचारलं.

काकूंनी उत्तरच दिलं नाही, नुसती मान हलवली. तेवढ्यावरनं कळलं.

चाचा म्हणजे मागच्या गल्लीतले तंबोरेवाले. दर्ग्याकडं जाताना सतारमेकरांची दुकानं लागतात, त्यातलं एक. ही सगळी मूळची शिकलगार घराणी, हत्यारांना धार लावणारी. इंग्रजी अमलात तलवारींचं काम संपलं आणि ते हात वाद्यांकडं वळले. फरीदसाहेबांनी सुरुवात केली, असं इथं सगळेच सांगतात. पुढं बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी इथं शिष्य घडवले, त्यांत विष्णू दिगंबर पलुसकर होते. अब्दुल करीम खाँसाहेबांनी घर केलं ते मिरजेतच. गाणारे आले ते वाद्यं करणाऱ्यांच्या शेजाराला, की वाद्यं टिकली ती गाणाऱ्यांमुळं, हे कोडं इथल्या कुणी सोडवायच्या भानगडीत पडत नाही. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा याच मंडळानं चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लावला होता. फ्लेक्सवर सतारीचा फोटो एक आणि कार्यकर्त्यांचे चौदा.

"माझ्या नातीचा तंबोरा नेला होता परवा चाचांकडं," काकू म्हणाल्या. "पावसाळ्यात बोलेनासा झाला होता. जवारी काढायला बसले. बघत राहावं गं नुसतं. घोडीवर कानस फिरवायची, ती पण अशी की डोळ्याला फरक दिसू नये. मग तार चढवायची, छेडायची, डोळे मिटून ऐकायचं. परत तार उतरवायची. शेवटी तारेखाली सुताचा धागा सरकवला, केसभर इकडं, केसभर तिकडं, आणि एकदम सगळी खोली भरली बघ आवाजानं. दुपार गेली त्यात. आणि पैसे विचारले तर म्हणे, द्या काय द्यायचं ते, पोरगी गातीय ना."

"आणि तुम्ही?"

"मी काय, रीतसर दिले. वर चार लोकांना सांगितलं पण. आता तंबोरा मोबाईलमध्ये वाजतोय, मग जवारी कुणाला हवीय? चाचांचा पोरगा पुण्याला नोकरीला गेलाय. मानांकनाचा कागद भिंतीवर आणि गिऱ्हाईक मोबाईलवर."

काकूंच्या या शेवटच्या वाक्यापाशी मला थांबावंसं वाटलं. एक तंबोरा विकला गेला की पैसा कुठं कुठं जातो बघा. भोपळा येतो पंढरपूरकडच्या शेतकऱ्याकडनं. तो कडू भोपळा, खायच्या कामाचा नाही, वाद्यासाठीच पिकवलेला आणि महिनोन्‌महिने वाळवलेला. लाकूड घेतलं ते वखारीतनं, नक्षी केली ती शेजारच्या कारागिरानं, खोकं ठोकलं ते सुतारानं, आणि ते रेल्वेत चढवलं जंक्शनवरच्या हमालानं. एका वाद्यामागं अशी पाच-सहा घरं उभी असतात. शालीच्या खोक्यानं गावात सोडलं काय? पुठ्ठा. तोसुद्धा भंगारवाल्या मामांनी नेला म्हणून रस्त्यावरनं उचलला गेला, आणि मामाही यादीत नाहीतच.

"आणि 2019 विसरली काय गं माणसं?" काकूंचा आवाज आता चढला होता. "ऑगस्टातला तो महापुराचा आठवडा. सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर. गणपती पेठेतल्या ठोक दुकानदारांची पोती भिजून फुगली. कोल्हापूरकडनं हायवे बंद. माझी बहीण सांगलीहनं आली ती लेकरंबाळं, सासू, जाऊ, सगळ्यांना घेऊन, अंगावरच्या कपड्यांनिशी. घरात एवढ्यांचं पीठ कुठलं असायला?"

मला आठवत होतं. त्या दिवसांत मिरजेतल्या किती घरांत सांगलीचे पाहुणे होते. शाळा भरल्या होत्या, कार्यालयं भरली होती.

"वाण्यानं काय केलं? साखर घराला एक किलो, असं ठरवून टाकलं. ज्याचा खिसा मोठा त्याला पण एकच. भाव एक रुपयानं वाढवला नाही. आणि ज्या घरात पाहुणे त्याला दोन. कुणाकडं किती पाहुणे आलेत हे त्याला विचारावं लागलं नाही, कारण त्याला माहीतच असतं. गिरणीवाल्या ताई वीज असेल तेव्हा दळत होत्या, रात्री अकराला पण. शिंप्यानं दुकानातले राहिलेले कपडे काढून बायकांना वाटले. कुणाची मापं जुळली, कुणाची नाही. मोबाईलवरच्या कंपनीला कर की फोन तसल्या दिवशी! 'आपल्या भागात सेवा उपलब्ध नाही' म्हणून येतं."

"तेव्हा मंडळ कुठं होतं?"

"होतं की! वाण्याकडनं घेतलेली बिस्किटं वाटत होतं. फोटोसकट." मग जरा थांबून, "नाही, पोरांनी कष्ट केले तेव्हा, खोटं कशाला बोला. पाण्यात उतरली होती काहीजणं. पण बिस्किटांचे पैसे वाण्याला मिळाले का, ते विचार."

"मिळाले?"

काकूंनी मागं वळून बघितलं. रस्ता रिकामा होता. तरी त्या भिंतीवरनं आणखी वाकल्या. खरी बातमी आता येणार होती.

"वाण्याच्या उधारीच्या वहीत सगळ्यात जाडजूड खातं कुणाचं आहे, सांगू? अध्यक्षांचं! दिवाळीपासनंचं. मुलाच्या मुंजीचं तूप, साखर, रवा, सगळं त्यात. हे दर महिन्याला तिकडं मोबाईलवर सामान मागवतात, रोख, सवलत मिळते म्हणून. आणि महिनाअखेरीला तंगी आली की इकडं, 'काका, लिहून ठेवा.' पोरं सत्काराचं आमंत्रण घेऊन वाण्याकडं गेली, तर वाणी काय म्हणाला असेल?"

"काय?"

"म्हणाला, 'मला शाल नको बाबांनो, उकाड्यात करू काय तिचं? अध्यक्षांना तेवढं सांगा, 42 नंबरचं पान मोकळं करा. मी माझा सत्कार झाला असं समजतो.'"

या वेळी काकूही हसल्या. पदर तोंडाला लावून, पण हसल्या.

"मग पुढं?"

"पुढं काय, यादीतनं त्याचं नाव कापलं. वर्गणी मात्र परत केली नाही."

मी म्हटलं, "काकू, तुम्ही मंडळाच्या बैठकीत जाऊन बोला की हे."

"बोलले. बायकांना बोलवतच नव्हते, मी आपली गेले. म्हटलं, कौतुकच करायचं तर स्टेजवर कशाला? पाच तारखेच्या आत उधारी द्या. मावशींकडं कोथिंबीर फुकट मागू नका. चाचांकडं घासाघीस करू नका, आणि पोरांना तिथं बसवा जरा, काम बघू दे. शाली इथल्या दुकानातनं घ्या. मंडप इथल्या मंडपवाल्याचा, आणि पैसे त्याच महिन्यात. एवढं केलंत तर हार-तुरे नसले तरी चालतील."

"काय म्हणाले?"

"'सूचना चांगली आहे काकू, पुढच्या वर्षी बघू.' म्हणजे झालं! पण एक सांगते, दोघा-तिघांनी दुसऱ्या दिवशी गुपचूप उधारी भागवली. वाण्याच्या बायकोनंच सांगितलं मला. माझं बोलणं लागलं की 42 नंबर गावभर होईल याची भीती लागली, देव जाणे. पैसे आले ना? मग कशानं का येईनात."

आतनं कुकरची शिट्टी झाली. काकूंनी कोपर उचललं, दळणाचा डबा काखेत घेतला आणि फाटकाकडं निघाल्या.

"हे कुणाला सांगू नकोस हं," जाताजाता म्हणाल्या.

"छे! मी कशाला सांगू?"

"तर! आणि आपण सांगायची गरज पण नाही. आत्ता गिरणीत पाच डब्यांची रांग आहे."